विधाते बाईंचा इंग्रजीचा तास

“बाई, चारच वाक्यं. नाव, गाव, शाळा आणि आवडता विषय,” प्रशिक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले.

साधना विधाते उभ्या राहिल्या. पंचवटीतल्या एका शाळेचा हॉल प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांनी भरला होता. “माय नेम इज साधना विधाते,” एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना येत होतं, घरी पाठ केलेलं होतं. पण मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. ते खोकणं की हसणं, या विचारात वाक्य निसटलं ते निसटलंच.

“बसू का, सर?” त्यांनी मराठीतच विचारलं आणि खाली बसल्या.

दोन हजार सालचा मे महिना होता. जूनपासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवायचं होतं. बाईंचं घर मखमलाबादला. नवऱ्याची झेंडू-शेवंतीची शेती, मुलगी लग्न होऊन इगतपुरीला गेलेली. पेठ रस्त्यावर, फाट्यापासून आत असलेल्या वस्तीच्या शाळेत त्या कित्येक वर्षं पहिलीचा वर्ग घेत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेलं मूल दिवाळीपर्यंत मराठी वाचायला लागायचं, असं वस्तीवर सगळेच म्हणत. इंग्रजी मात्र मॅट्रिकला कसंबसं सुटलं होतं, आणि त्यानंतर बाईंनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. बाई रोज सकाळी एसटीत बसून पुस्तक ओठांतल्या ओठांत वाचत आणि दुपारी तेच मुलांना सांगत. मुलं त्यांच्यामागून मोठ्यानं म्हणत. फक्त भाग्यश्री म्हणत नसे.

ही वस्तीवरच्या भाजीवाल्या घरातली मुलगी. बाप पहाटेच टेम्पो घेऊन मार्केटला जायचा, आई मळ्यात. बेरजेत हुशार, कविता तालासुरात म्हणणारी. पण इंग्रजीचं पुस्तक निघालं की दोन्ही हात काखेत घालून बसायची. बाईंनी गोडीनं विचारून पाहिलं, पुढं बोलावून पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून जमिनीकडं बघायची.

एके दिवशी बाईंनी भिंतीवर ‘के’ अक्षराच्या चित्रांचा तक्ता लावला होता. पतंग झाला, राजा झाला. मग सुरीचं चित्र आलं. खालची अक्षरं जुळवत बाईंनी वाचलं, “कनाइफ.”

“कनाइफ,” वर्ग ओरडला.

“नाइफ,” एक बारीक आवाज आला.

बाईंनी वळून पाहिलं. भाग्यश्रीनं तोंडावर हात ठेवला होता आणि तिचे खांदे वर चढले होते. मार चुकवायला मूल चढवतं तसे.

“काय म्हणालीस गं? परत सांग.”

“काका नाइफ म्हणतो,” ती पुटपुटली.

“मग काकाचं बरोबर असेल. माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. “चला रे, भाग्यश्री सांगते तसं म्हणा.”

वर्ग तिच्यामागून म्हणाला. भाग्यश्री बाईंकडं बघत राहिली. बाईंना कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही, बाई तर पुढच्या चित्राकडं वळल्या होत्या. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. तास संपायच्या आत ती स्वतःहून ‘काइट’ म्हणाली.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिचे हात हातात घेतले. बोटांच्या पेरांवर पट्टीचे वळ होते.

“कुणी मारलं?”

“काकानं. स्पेलिंग चुकलं म्हणून.”

शाळा सुटल्यावर बाई फाट्याकडं न जाता तिच्याबरोबर घरी गेल्या. अंगणात काका निवृत्ती टोमॅटोची जाळी भरत होता. पंचविशीचा, लग्नाचं जमत नसलेला. त्यानं खाट पुसून दिली, पाणी आणलं. बाईंनी मुलीच्या हातांचा विषय काढला, तसा तो जाळीकडं बघत बोलला.

“तिच्या भल्यासाठीच ना, बाई. मला बारावीला सगळ्या विषयात चांगले मार्क हायेत. एकट्या इंग्रजीनं बुडवलं. दोनदा बसलो. नंतर मिलिटरीच्या कॅम्पात क्लार्कची जागा निघाली होती, अर्जसुद्धा घेतला नाय माझा. आता हे.” त्यानं जाळी सरकवली. “हिचं असं नाय व्हायला पाहिजे.”

“तुम्हाला शिकताना कुणी मारलं होतं?”

“लय. सरांची छडीच मोडली एकदा.”

“मग आली का इंग्रजी?”

निवृत्तीनं मान वर केली. “तुम्हाला तरी येती का, बाई? राग मानू नका, पण पोरगी घरी येऊन सांगती.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. भाग्यश्री दारात उभी होती.

“नाही येत,” बाई म्हणाल्या. “ट्रेनिंगला चार वाक्यं बोलायची होती, मला दुसरं बोलता आलं नाही. हसतील म्हणून तोंडच बंद झालं. या वयात माझं असं होतं, ती तर सहा वर्षांची आहे. तुम्ही तिला शब्द सांगा, मलाही सांगा. पण चुकली तर पट्टी उचलू नका. चुकू द्या तिला.”

निवृत्ती पुन्हा टोमॅटो निवडायला लागला. बाई निघाल्या तेव्हा त्यानं पिशवीभर टोमॅटो दिले आणि फाट्यापर्यंत सायकलवर सोडलं. वाटेत तो मागं न बघता एवढंच म्हणाला, “लाइट, नाइट यातला मधला जीएच पण मुका असतो, बाई.”

त्या वर्षी वर्गात इंग्रजीचा तास गोंगाटाचा झाला. बाई अडल्या की मुलं अंदाज बांधायची, कधी अख्खा वर्ग मिळून चुकायचा आणि दुसऱ्या दिवशी भाग्यश्री काकाला विचारून खरं काय ते घेऊन यायची. केंद्रप्रमुख तपासणीला आले, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि घरी गाई किती आहेत, काका काय करतो, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत सुटली. थांबवावं लागलं तिला.

पुढच्या जूनमध्ये निवृत्ती शाळेत आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

“पोरीचा दाखला पाहिजे होता, बाई. नाशकात इंग्लिश मीडियमला नंबर लागला. मुलाखतीत लय बोलली. मॅडम म्हणल्या, खेड्यातली वाटत नाय.”

बाईंनी पेन उघडलं. “हात उचलता का अजून?”

“नाय. आता तीच माझ्या चुका काढती,” तो हसला. मग जरा ओशाळून म्हणाला, “तुमच्यामुळंच झालं हे. पण इथं ठिवून कसं चालंल?”

“चांगलंच झालं,” बाई म्हणाल्या आणि दाखला लिहून दिला. त्या वर्षी वस्तीवरची आणखीही काही मुलं जीपनं शहरात जायला लागली. बाईंचा वर्ग लहान झाला.

श्रावणातल्या एका दुपारी बाई फाट्यावर एसटीची वाट बघत होत्या. जीप थांबली आणि भाग्यश्री उतरली. टाय, पांढरे मोजे, पाठीवर मोठं दप्तर. बाईंना बघून ती जवळ येऊन उभी राहिली.

“कशी आहे गं शाळा?”

तिनं आधी मागं वळून पाहिलं. जीप निघून गेली होती.

“तिथं मराठी बोललं की बाहेर उभं करतात, बाई.”

“आणि इंग्रजी चुकलं तर?”

“पोरी हसतात.”

“मग तू काय करतेस?”

“गप बसते.”

बाईंनी तिच्या खांद्यावरचं दप्तर उतरवून दगडावर ठेवलं. “आज काय काय झालं ते मला सांग बघू. कसंही सांग.”

भाग्यश्री आधी चाचरली. मग तिनं डबा सांडल्याचं सांगितलं, नव्या मैत्रिणीचं सांगितलं, ‘माय टिफिन फॉल्ड’ असं म्हणाली आणि बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं. बाईंनी नुसती मान हलवली. तिची गाडी मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत धावायला लागली.

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं दार उघडून धरलं. बाईंनी हातानंच त्याला जायची खूण केली आणि दगडावर भाग्यश्रीच्या शेजारी बसल्या.

“हं, मग? पुढं काय झालं?”