गरम बोटातली अंगठी

ओस्तिया बंदरातले धान्याचे व्यापारी वाल्गियुस तापाने अंथरुणाला खिळले होते. एका सकाळी त्यांचा श्वास जाणवेना. प्रोकुलुसने, त्यांच्या मुलाने, छातीला कान लावून पाहिला, रीतीप्रमाणे नाव घेऊन मोठमोठ्याने हाका मारल्या आणि शेवटी त्यांचे डोळे मिटले. मुलगी सेकुंदा केस मोकळे सोडून पायथ्याशी बसली. दारावर सुतकाची खूण म्हणून सायप्रसची फांदी लागली.

आणि प्रोकुलुसने बापाच्या बोटातली अंगठी काढली.

जाड सोन्याची अंगठी, तिच्यात लालभडक अकीक, अकिकावर गव्हाचा दाणा ओढणारी मुंगी कोरलेली. मेणावर त्या मुंगीचा ठसा दिसल्याशिवाय वाल्गियुसांचं एक पोतं बंदरावरून हलत नसे.

"दादा, बोट गार तरी होऊ दे त्यांचं," सेकुंदा म्हणाली.

"तळघर उघडं आहे. गुलामांनी दारूचे रांजण उपसले म्हणजे?"

ते काही खोटं नव्हतं. पण अंगठी बोटात चढवताना त्याच्या मनात तळघर नव्हतं. चाळिशी उलटली तरी रोज ठशासाठी बापापुढे उभं राहावं लागत होतं, ते आता संपलं होतं. तळघराच्या दारावर त्याने मेण ओतून ठसा उमटवला. मग गरज नसताना कोठारावरही उमटवला. छान उठला होता.

शेजारी जमले. माशांचा व्यापारी ऑफेलियुस त्याचा हात हातात घेऊन "आता सगळं तुझ्यावरच रे बाबा," असं म्हणत होता, तेवढ्यात पलंगावरून घोगरा आवाज आला.

"कोण मेलंय एवढं रडायला?"

वाल्गियुस कोपरावर रेटून उठू पाहत होते. सेकुंदा किंचाळली, मग रडता रडता हसायला लागली.

"पेज आण गं थोडी," ते म्हणाले. त्यांची नजर आपल्या हातावर गेली. अंगठीच्या जागी नुसता पांढरा वळ होता.

प्रोकुलुसने हात पाठीमागे नेला आणि अंगठी ओढायला लागला. ती सांध्यावर अडकली. जोर लावला तसं बोट आणखी सुजलं. सगळी खोली बघत होती. त्याचे कान तापले.

"ओढू नकोस, सोलवटेल," वाल्गियुस म्हणाले. "इकडे ये. सेकुंदा, तेल दे."

तो पलंगाशी गुडघे टेकून बसला. त्यांनी त्याच्या बोटाला तेल चोळलं, अंगठी हळूहळू फिरवत काढली आणि आपल्या बोटात घातली. ती आता त्यांना सैल होत होती.

"पोराला घाई झाली म्हणायची!" ऑफेलियुस बोलला. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"घाई कसली?" वाल्गियुस म्हणाले. "मीच दिली होती सांभाळायला."

ताप चढल्यापासून ते शुद्धीवर नव्हते हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दोन मुस्काटात ठेवून दिल्या असत्या तर प्रोकुलुसला सोसलं असतं. तो उठला, तळघरापाशी गेला आणि दारावरचं मेण नखांनी खरवडत बसला.

वाल्गियुस बरे झाले आणि पुढे बरीच वर्षं जगले. रोज सकाळी प्रोकुलुस ठशासाठी त्यांच्यापुढे जाई, पण त्यांच्या हाताकडे त्याला बघवत नसे. एकदा धीर करून तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशीच्या पेजेत मीठच नव्हतं," ते म्हणाले. "जा, गलबत लागलंय."

पुन्हा विषय काढायचा धीर त्याला झाला नाही.

ते खरोखरच गेले तेव्हा डोळे सेकुंदाने मिटले. प्रोकुलुस दाराशी उभा राहिला, आत येईना. संध्याकाळी तिनेच अंगठी काढून त्याच्यापुढे धरली. "घे दादा. आता तुझीच आहे."

त्याने ती घेतली, पण बोटात कधी घातली नाही. दोरीला बांधून तो ती गळ्यात ठेवी आणि चिमटीत धरून ठसा उमटवी. बंदरावर कुणी विचारलंच, "का हो, बोटात बसत नाही का?" तर तो "नाही," एवढंच म्हणे, आणि मान खाली घालून मेण थिजायची वाट बघे.