लक्ष्मणरावांच्या हातांचा कंप आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रबरी ठोकळा आहे. तोंड वाकडं करू नका. तुमच्या ओळखीच्या कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलंत तर इंजिन दिसेल, बॅटरी दिसेल, मी मात्र सहज दिसणार नाही. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये मी चेपून बसलेला असतो. मिस्त्री लोक मला 'फाउंडेशन' म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी नशिबात धूळच.

एका कारखान्यात मला तापलेल्या साच्यात कोंबून, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या चिकटवून घडवलं. माझं काम तसं सोपं. गाडी पळत असली की इंजिनाची धडधड फारशी जाणवत नाही. गाडी उभी आणि इंजिन चालू असलं की मात्र ते हट्टी पोरासारखं अंग झटकत बसतं. ते झटके मी अंगावर घ्यायचे आणि आत बसलेल्या माणसापर्यंत जाऊ द्यायचे नाहीत. काम चोख झालं की मी आहे हेच कुणाला कळत नाही, म्हणून सगळी वाहवा त्या इंजिनाला मिळते. त्याचा मला अजूनही राग आहे.

आमची पांढरी डिझेल गाडी अड्याळजवळच्या गावातल्या लक्ष्मणरावांची. तलावाखालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान पिकवणारा हा माणूस. उतारवयात हौसेने गाडी चालवायला शिकला. निघण्याआधी इंजिन तापवायचं म्हणून ते गाडी दारातच चालू ठेवत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐटीत बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत, "पाह्य नं, चालू हाय का बंद, समजत बी नाई." मी मनातल्या मनात फुलून जायचो. तेवढीच काय ती माझी स्तुती.

एका उन्हाळ्यात मी जरा कुरकुरलो. कोरडं रबर कधीमधी कुरकुरतं, त्यात काही विशेष नाही. पण लक्ष्मणरावांचं सारं आयुष्य बैलबंडीबरोबर गेलेलं. बंडीचं चाक कुरकुरलं की आसाला वंगण लावायचं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्यांनी बंडीसाठी ठेवलेलं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आणलं, बॉनेट उघडलं आणि चिंधीने मला चोपडलं. मी गप्प झालो. ते खूश झाले. मग दर बाजाराच्या दिवशी मला ही आंघोळ ठरलेलीच.

मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणीच हात लावला नव्हता, म्हणून सुरुवातीला मला गहिवरूनच आलं. पण तेल हे रबराचं विष. हळूहळू मी फुगलो, पिलपिलीत झालो, अंगाला भेगा पडल्या. इंजिनाचे झटके मला आवरेनात. ते थेट स्टिअरिंगमध्ये जायला लागले आणि तिथून लक्ष्मणरावांच्या हातांत.

भंडाऱ्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा भुपेंद्र मोटारसायकलवर गावी आला, तेव्हा बाप नेहमीसारखा दारात गाडी चालू ठेवून बसलेला. हात थरथरताहेत, गाल थरथरताहेत, भरगच्च मिशीही थरथरते आहे.

"बाबा, तुमचा हात काहून कापून राहिला?"

"मले का-का-काई नाई झा-झालं," लक्ष्मणराव म्हणाले. आवाजही माझ्या कृपेने तुकड्यातुकड्यांत निघाला.

झालं. भुपेंद्रने मोबाइलवर काहीबाही वाचून कंपवाताचं निदान घरीच करून टाकलं. चावी काढून आईच्या, सुंदरबाईंच्या, हातात दिली. "आता बाबाले गाडी द्यायची नाई," असं बजावलं. दुसऱ्या दिवशी बापाला एस.टी.ने भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले. हात दगडासारखे स्थिर. पण भुपेंद्र ऐकतो कुठला? "रोग लपून राहिला," म्हणाला.

चावी सुंदरबाईंच्या पदराच्या गाठीत गेली आणि लक्ष्मणरावांचा जीवच गेला म्हणा. ते गाडीजवळ यायचे, काच पुसायचे, बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "पोरगा म्हंते, आता मी म्हातारा झालो." माझ्यामुळे एका धडधाकट माणसाला म्हातारं ठरवलं होतं, आणि मला तोंड नव्हतं. फार वाईट वाटायचं.

उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून तिला अधूनमधून चालू करावं लागतं. पुढच्या वेळी भुपेंद्र आला, तेव्हा ते काम करायचं कुणी हा प्रश्न पडला. त्याला मोटार चालवता येत नाही आणि लक्ष्मणरावांना तर बंदी. अखेर सुंदरबाई पदर खोचून ड्रायव्हरच्या जागी बसल्या. लक्ष्मणराव बाहेरून सूचना देत होते. "न्यूट्रल हाय का पाह्य पयले. आता फिरव चावी."

इंजिन सुरू झालं. सुंदरबाईंनी स्टिअरिंग धरलं आणि हातातल्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अवं बाई, मले बी लागला हा रोग," त्या म्हणाल्या आणि टुणकन खाली उतरल्या.

"आई, तू भेली असशीन," असं म्हणत भुपेंद्र त्यांच्या जागी बसला. हात स्टिअरिंगवर ठेवले आणि त्याची बोटं, दंड, चष्मा, सगळं एकदम नाचायला लागलं. लक्ष्मणराव खिडकीत वाकून मुलाकडे बराच वेळ बघत राहिले.

"बापू," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "उद्या तुले बी डाक्टरकडं न्यावं लागते."

सुंदरबाई हसत हसत ओट्यावर बसल्या. भुपेंद्रने इंजिन बंद केलं, तसा त्याचा रोग तिथल्या तिथे बरा झाला. मान खाली घालून तो म्हणाला, "बाबा, चुकलं माझं." त्याने चावी काढून बापाच्या हातात दिली.  लक्ष्मणरावांनी मूठ घट्ट मिटली.

बापलेकांनी गाडी भंडाऱ्याला नेली. तिथल्या मिस्त्री बाबुलाल यांनी मला बाहेर काढलं, दाबून पाहिलं, हुंगलं आणि विचारलं, "याले तेल कोन पाजलं?" लक्ष्मणराव रस्त्यावरची वाहतूक बघायला लागले. माझ्या जागी नवा ठोकळा बसला आणि मी गॅरेजच्या कोपऱ्यात आलो. बापलेक परत निघाले. गाडी अर्थातच लक्ष्मणराव चालवत होते.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. रबराला तेल लावू नका. ज्याची काळजी घ्यायची त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरताना दिसले, तर त्या हातांतून काही काढून घेण्याआधी, एकदा त्यांच्या जागेवर बसून पाहा.