मी पत्रा, माझं भाडं

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. पन्हळीचा, गंजलेला, भोकं पडलेला. बोलायचाही कंटाळा आलाय, पण तुम्हाला सांगायला हवं.

कारखान्यातून निघालो तेव्हा चकचकीत होतो. जयपूरच्या मालधक्क्यावर छप्पर म्हणून माझं तरुणपण गेलं. उन्हात भाजलो, पण धान्याच्या गोण्या भिजू दिल्या नाहीत. शाबासकी कोणी दिली नाही. छप्पर गळायला लागल्यावरच माणसं त्याच्याकडे बघतात. मग नवे पत्रे आले आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला भीमरावांनी उचललं. ते अकोल्याकडचे, रुळांचं काम करणाऱ्या एका कंपनीत कामगार. जयपुरातल्याच जगतपुऱ्यात कंपनीने दिलेल्या एका खोलीत राहायचे. पुढे उघडी पडवी, तिच्यात सदा वाळू. मुलगी गौतमी दहावीत. तिला बसायला जागा हवी, म्हणून भीमरावांनी मला पडवीच्या उघड्या बाजूला ठोकलं. पदरमोड करून पंखा लावला. गौतमी मोठ्याने धडे वाचायची, मी वाळू अडवायचो. माझे चांगले दिवस तेवढेच.

यंदा, २००६ साली, कंपनीने भाडी नव्याने ठरवायला काढली. घरं बघायला ओव्हरसियर उमाकांत आले, पुण्याकडचे. परमुलखात आपली भाषा बोलणारा माणूस दारात आला, याचंच भीमरावांच्या बायकोला, मालनबाईंना, अप्रूप. शेजारणींनी साहेबाला बाहेरूनच वाटेला लावलं होतं. मालनबाईंनी पंख्याखाली बसवलं, पोहे दिले.

“पोरीसाठी नवी खोली केली जी आम्ही, भाऊ.”

भाऊंनी पोहे संपवले, हात पुसले आणि लिहिलं, दोन खोल्या.

पुढच्या पगारातून दोन खोल्यांचं भाडं कापलं गेलं. उमाकांत गल्लीतून चालले होते, तेव्हा भीमरावांनी त्यांना माझ्यासमोरच अडवलं.

“साहेब, पत्रा माझा, खिळे माझे, पंखा माझा. मंग भाडं कायचं?”

“माझ्यावर का चिडता? झाकलेली जागा म्हणजे खोली. वरून तसंच आलंय.”

“मी अंगावर सदरा घालतो, त्याचंही घ्या मंग.”

“पत्रा काढा. पुन्हा येऊन बघतो.”

त्याच दिवशी भीमरावांनी मला उपटलं. साहेब आले नाहीत. कपात थांबली नाही.

“लावून टाका ना परत,” मालनबाई म्हणाल्या. “पैसे तर जाऊनच राहिले.”

“लावला तर त्याचंच खरं होईल,” भीमराव म्हणाले. गौतमी ओढणी तोंडाला गुंडाळून लिहीत राहिली.

परवा उमाकांत एकदाचे आले. उन्हातून, घामाघूम. उघडी पडवी पाहिली, “कळवतो वर,” म्हणाले आणि जरा घुटमळले. मालनबाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी साहेब होईल. कामगाराच्या घराचं भाडं ठरवायची वेळ आली, तर त्यातलं कंपनीने काय बांधलं आणि त्याने स्वतः काय जोडलं, हे आधी विचारा. त्याच्या पत्र्याचं भाडं त्याच्याकडूनच घेणं ही लूट आहे. नियमात बसवली तरी लूटच.

मी अंगणात पडून आहे. माझं भाडं चालू आहे. परीक्षा जवळ आली आणि वाळू पोरीच्या वहीवर साठते आहे. कोणीतरी मला उभं करा.