विंटर टाइमटेबलचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. गळ्यात अडकवून मिरवणुकीत बडवतात तो मी नव्हे. मी जमिनीवर आडवा बसतो आणि मला पायाने वाजवतात. ड्रमवाला माझ्यामागे स्टुलावर बसून पायडल दाबतो, आणि दाबलेल्या लोकरीचा, म्हणजे नमद्याचा गोळा माझ्या पाठीवर आदळतो. माझा आवाज कुणी मुद्दाम ऐकत नाही. पण मी थांबलो, की नाचणारे थांबतात.

बीचच्या झाडाच्या पातळ फळ्या वाफेवर वाकवून मला गोल केलं. मग मी इंग्लंडमधल्या हल नावाच्या बंदराच्या शहरात, गोदी कामगारांच्या क्लबात आलो. दर शनिवारी तिथे नाच असे. पुढे मासेमारी बसली, बोटी गेल्या, नाचही गेले. मला कोठीच्या खोलीत ढकललं आणि माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या. वीस वर्षं माझ्यावर फक्त धूळ पडली.

क्लबात डोरीन प्रीस्टमन नावाची बाई बार सांभाळायची. तिची मुलगी लिॲन गिटारवर खर्जाचे सूर वाजवी. तिचा मित्र जॉस हेबलव्हाइट गाणी लिहून गायचा. त्या दोघांच्या नव्या बँडला ड्रमवाला मिळाला होता, पण ड्रम नव्हता. ड्रमवाला म्हणजे कॉरिन स्टेदर्स, मासे गोठवण्याच्या कारखान्यातला कामगार. कितीही हात धुतले तरी त्याच्या बोटांना मासळीचा वास यायचाच.

"घेऊन जा रे हा," डोरीन त्याला म्हणाली. "नाहीतर भंगारात जाईल. पण आवाज बेताने हं, शेजारच्या खोलीत म्हातारे पत्ते खेळतात."

"मावशी, म्हाताऱ्यांना ऐकू येत असतं तर ते तुमच्या क्लबात बसले असते का?" कॉरिन म्हणाला. त्याने मला पुसलं, नवं कातडं चढवलं आणि आवाज घुमू नये म्हणून पोटात एक जुनी उशी कोंबली. मित्रांनो, त्या दिवशी मी पुन्हा जन्मलो.

बँडचं नाव त्यांनी ठेवलं 'विंटर टाइमटेबल'. क्लबाबाहेरच्या बसथांब्यावर हिवाळ्याचं वेळापत्रक वर्षभर तसंच लटकलेलं असे, त्यावरून. आधी तीस माणसं ऐकायला यायची, त्यातही निम्मे चुलत-मामेभाऊ. मग त्यांचं एक गाणं रेडिओवर लागलं, आणि लीड्समध्ये चारशे पोरंपोरी ते शब्दन् शब्द आमच्याबरोबर गायली. गर्दी रंगात आली, की कॉरिनचा पाय हळूहळू पळायला लागायचा. गाणं ज्या गतीने सुरू होई, त्याहून जलद गतीने संपायचं. नाचणाऱ्यांना ते फार आवडे.

लंडनच्या रेकॉर्ड कंपनीला मात्र ते चालेना. स्टुडिओत कानात यंत्राची टिकटिक लावून वाजवायचं होतं. कॉरिन तिच्यापुढे पळे, मग घाबरून मागे पडे. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "छान झालं. तुझं काम संपलं." कॉरिन कारखान्याच्या पाळीसाठी खुशीत घरी गेला. दुपारी माझ्यामागे एक अनोळखी माणूस येऊन बसला. त्याचं नाव रॉस केलवे. त्याचा पाय घड्याळासारखा पडे. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी त्याच्या पायाखाली इतका सुरेख वाजलो, की तसा कधीच वाजलो नव्हतो. त्याची लाज मला अजून वाटते.

जॉसने कॉरिनला काही सांगितलं नाही. रेकॉर्ड निघायच्या आदल्या आठवड्यात लिॲनने सांगितलं. व्हॅनमध्ये दोघंच होती, पावात बटाट्याची तळलेली पॅटी घालून खात. मी मागे सामानात होतो.

"रेकॉर्डवर तू नाहीयेस, कॉरिन."

त्याने हातातला पाव खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे रेकॉर्डवर तो, आणि व्हॅनमधून सामान उतरवायला मी?"

"जॉसला वाटलं, तू सोडून जाशील."

"मग विचारायचं होतं ना. मी जाईन की राहीन, ते मी ठरवलं असतं."

तो राहिला. रेकॉर्ड गाजली. वर्तमानपत्रांनी ड्रमचं कौतुक केलं. लोक येऊन कॉरिनची पाठ थोपटत, आणि तो खाली बघून "थँक्यू" म्हणे. त्या महिन्यांत त्याचा पाय जराही पळाला नाही. भीतीने वाजवत होता तो. मला ते प्रत्येक ठोक्याला कळत होतं.

मग एका दुपारी रेडिओवर मुलाखत झाली. दोन गाणी तिथेच वाजवायची होती, म्हणून मीही खोलीत होतो. निवेदिका म्हणाली, "तिसऱ्या गाण्यातले ड्रम म्हणजे कमाल! कॉरिन, कसं सुचलं तुम्हाला?"

कॉरिनने श्वास घेतला. "मला नाही सुचलं. रॉस केलवे नावाच्या माणसाने वाजवलंय ते. फार चांगला वाजवतो. त्याचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर छापायला हवं होतं."

बाहेर आल्यावर जॉस ओरडला, "वेडा आहेस का तू? सगळं घालवलंस!"

"माझं होतं काय त्यात घालवायला?"

कंपनीने दुसरी रेकॉर्ड काढली नाही. पण बँड कंपनीमुळे मोडला नाही. ते दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले, म्हणून मोडला. अडीच वर्षांत सगळं आटोपलं. मी कॉरिनच्या गॅरेजमध्ये गेलो. ओल लागून माझी कडी गंजली, कातडं सैल पडलं.

चौदा वर्षांनी, एका रविवारी सकाळी, गॅरेजचं दार वर सरकलं. कॉरिनबरोबर जॉस उभा होता. केस विरळ झालेले, हात खिशात.

"ठेवलायस होय अजून?" त्याने विचारलं.

"टाकवेना. वाजव ना. माझा गुडघा गेलाय."

जॉस माझ्यामागे बसला. आयुष्यात पहिल्यांदाच. चार ठोके नीट पडले, पाचवा पळाला, सहावा राहिलाच. कॉरिन पोट धरून हसला. "अरे, थांब, थांब! बस निघून गेली तुझी!"

जॉस हसला नाही. त्याने समोर पाहिलं, जिथे तो स्वतः उभा राहून गायचा. "इथून तर फक्त आमच्या पाठीच दिसत असतील."

"अडीच वर्षं तेवढंच बघितलं मी."

"मी तुला विचारायला हवं होतं, कॉरिन."

"हो. हवं होतं." मग तो स्टुलाजवळ येऊन म्हणाला, "सरक. एका पायाने तरी दाखवतो तुला."

मित्रांनो, मला ओलीत ठेवू नका, माझ्यावर खुर्च्या रचू नका, एवढंच मागणं मी करणार होतो. पण माझं ऐकाल, तर आणखी एक करा. गाणं आवडलं, की मागे कोण बसलंय तेही एकदा वाकून बघा. आणि त्याचं नाव विचारा.