इलारियोनचा झगा

वायकापाता या खाणगावातल्या मठासाठी भिक्षा मागायचं काम तिथला साधू फ्राय सेव्हेरो एकतीस वर्षं करत होता. सकाळी खांद्याला झोळी लावून तो बाजारात उतरायचा आणि उन्हं कलताना बटाटे, मका, पाव घेऊन वर यायचा. त्यातून मठाच्या दारात साठ-सत्तर जणांचं सूप शिजायचं. बहुतेक जण कथिलाच्या खाणीतल्या धुळीनं छाती गमावून बसलेले.

इलारियोन त्यातलाच. तो अंथरुणाला खिळला तसा सेव्हेरो त्याच्या खोपटात रोज सूप पोचवू लागला.

"बाबा, एक मागू?" एके दिवशी इलारियोन म्हणाला.

"माग की."

"मला तुमच्यासारखा झगा घालून पुरा. बड्या लोकांना पुरतात तसा. वर स्वर्गाच्या दारात तुमच्या पंथाचा संत फ्रान्सिस्को उभा असतो म्हणे. आपल्या झग्यातला माणूस दिसला, की आत घेतो."

"तुला असाच घेईल रे."

"असाच? उभ्या जन्मात मला कुणी असाच आत घेतलाय का?"

"अहो, लाज कशी वाटत नाही?" त्याची बायको तोमासा चुलीपासून ओरडली. "देवमाणसाच्या अंगावरचं मागताय!"

सेव्हेरो मठात आला तो थेट फादर अन्सेल्मोंकडं गेला. मठाचे मुख्य तेच. कपाटात सणासुदीचा एक झगा होता, तो त्यानं मागितला.

"तो मठाचा आहे," फादर म्हणाले. "आज एकाला दिला तर उद्या अख्खी खाण दारात उभी राहील. तुझं स्वतःचं काही असेल तर दे."

"माझं काय आहे, फादर?"

"अंगावर आहे तेवढं!" फादर वैतागून म्हणाले आणि कागदांत डोकं घालून बसले.

गुरुवारी इलारियोन गेला. सेव्हेरोनं आडोशाला जाऊन झगा उतरवला आणि मयताच्या अंगावर चढवला. बाह्या लांब झाल्या, तोमासानं त्या दुमडून टाके घातले. मग नवऱ्याची विजार आणि डोक्यातून घालायचा तांबडा लोकरी पोंचो तिनं सेव्हेरोपुढं ठेवला.

त्याला तशा वेशात पाहून फादर दारातच थबकले.

"हे काय सोंग?"

"तुम्हीच म्हणालात, अंगावरचं दे."

"ठीक आहे," फादर म्हणाले. " मग ईस्टरपर्यंत हेच घाल. भिक्षाही यातच मागायची."

सेव्हेरोला त्याचं काही वाटलं नाही. पोंचो उबदार होता.

दुसऱ्या दिवशी तो पेर्पेतुआबाईच्या पावाच्या भट्टीपुढं उभा राहिला. एरवी ही बाई त्याच्या हाताचं चुंबन घेऊन गरम पाव निवडून द्यायची. आज तिनं मानही नीट वर केली नाही.

"चांगला धडधाकट दिसतोस की! खाणीत जा. हो बाजूला, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

'अहो, मी सेव्हेरो,' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. तेवढ्यात मागं काठी वाजली. एक आंधळा म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. वर्षानुवर्षं तो तिथंच उभा असे. त्याला कधी काही मिळतं का, हे सेव्हेरोनं एकदाही विचारलं नव्हतं. सेव्हेरो आपलं नाव न सांगताच पुढं निघून गेला.

त्या दिवशी झोळी चतुर्थांशही भरली नाही. सूप पाण्यासारखं झालं. कुणी तक्रार केली नाही, वाडगी तेवढी लवकर रिकामी झाली. सेव्हेरो मनाशी म्हणाला, 'मी गप्प राहिलो आणि उपास यांना घडला.'

उजाडताच तो पुन्हा भट्टीवर गेला.

"पेर्पेतुआबाई, मी सेव्हेरो."

बाईच्या हातातला पाव परातीत पडला. "अगं माय! बाबा, काल तुम्ही होतात? मला वाटलं, कुणी भिकारी!"

"भिकारीच की. एकतीस वर्षं तुमच्याकडं भीकच मागतोय."

बाई शालीत तोंड लपवून पाव आणायला धावली. सेव्हेरोनं म्हाताऱ्याचा हात धरून त्याला पुढं आणलं.

"आधी यांना. कालही हे इथंच होते. तुमचं नाव काय, आजोबा?"

"बेनिग्नो," म्हातारा म्हणाला. मग जरा थांबून, "भाजलेला द्या बाई, कच्चा पचत नाही."

पेर्पेतुआबाईला हसूही आलं आणि डोळेही पुसावे लागले.

ईस्टरच्या सकाळी फादर अन्सेल्मोंनी स्वतः कपाट उघडून तो सणासुदीचा झगा सेव्हेरोला आणून दिला.

"आणि पुन्हा कुणी मागितला तर?" त्यांनी विचारलं.

"तर तुम्हाला विचारीन."

"नको," फादर घाईनं म्हणाले. "मला विचारू नकोस." आणि ते घंटा वाजवायला निघून गेले.