डॉक्टरांचं स्टूल

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या इस्पितळातलं एक जुनं स्टूल आहे. पाच चाकं, काळी गोल गादी आणि उंची कमीजास्त करायला एक दांडी. मी नवं आलं तेव्हा माझ्यावर चिठ्ठी होती, ‘फक्त डॉक्टरांसाठी’. केवढा तोरा होता मला!

तो चार दिवसांत उतरला. आमचे डॉक्टर लिंडक्विस्ट लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करतात. अक्रोडाएवढ्या हृदयाला टाके घालणारा माणूस, पण बसायचं नाव नाही! दारात उभं राहून, एक हात कडीवर ठेवून सगळं सांगतात. माझ्यावर माहितीच्या कागदांचा ढीग. अठरा वर्षं मी हमाली करतंय. राग येणार नाही तर काय?

गेल्या महिन्यात टेसा आली. ती बेकरीत काम करते. तिच्या चार वर्षांच्या ऑड्रीच्या हृदयाला छिद्र होतं, खेळताना ओठ निळे पडायचे. शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी होती, आणि टेसा संमतीच्या कागदावर सहीच करेना. दोनदा तशीच परत गेली. डॉक्टरांना वाटलं, हिला नीट कळलं नाही. त्यांनी आणखी आकडे सांगितले, आणखी कागद छापून आणवले. ते ठेवले कुठे? माझ्याच डोक्यावर!

तिसऱ्या खेपेला नर्स कोलीन वैतागली. “अगं, अख्ख्या मिनेसोटा राज्यात असा हात नाही. कर ना सही!”

“हाताबद्दल कोण बोलतंय?” टेसाने कागद उचलून जमिनीवर ठेवले आणि मला दाराकडे ढकललं. “बसा, डॉक्टर.”

“अहो, मला पुढचा पेशंट...”

“बसा म्हटलं ना! माझी लेक तुमच्या हातात देतेय. केक न्यायला आलेल्या माणसाशीसुद्धा मी दोन शब्द बरे बोलते.”

डॉक्टर बावरून बसले.

“तुम्हाला भीती वाटते का हो?” तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “वाटते. दर वेळी. म्हणून प्रत्येक टाका दोनदा बघतो.”

टेसाने पेन मागितलं.

सगळं मिळून चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांसाठी ऑड्रीने तीन आठवडे निळे ओठ घेऊन वाट पाहिली, आणि मला सांगायला तोंड नव्हतं! मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी नर्स. हात तयार करा, भरपूर शिका. पण आईसमोर आधी बसा. पोर तिचं असतं.