लाल कापडातलं गाठोडं

कचऱ्याच्या जागी गाठोडं टेकवलं आणि कुमुदिनी मागे न बघता जिना चढून वर आली. जपानमधल्या सेंदाईत तिच्या गल्लीत रद्दीची गाडी गुरुवारी येई. विद्यापीठातला करार संपला होता, उद्या विमान होतं. धाकट्या भावाने, प्रसन्नने, फोनवर बजावलं होतं, "ताई, तेवीस किलोत बसव सगळं. मी मागवलेले बूट विसरू नकोस. ते कागदबिगद मात्र नको, इथे कोण विचारतंय त्याला?"

कोणी विचारत नव्हतं हे खरंच. अकरा वर्षं तिने एका प्रत्ययामागे घालवली होती. मंगोलियनमध्ये 'एम' म्हणजे औषध, त्याला 'च' लागला की 'एमच', म्हणजे डॉक्टर. रशियनमध्ये 'त्काच' म्हणजे विणकर, मॅसेडोनियनमध्ये 'नोसाच' म्हणजे हमाल. एकेका शब्दाचं हाताने लिहिलेलं एकेक कार्ड. रद्दीच्या नियमाप्रमाणे ती दोरीने आवळायला हवी होती, पण तिचा हात धजेना. मग आई पोथी बांधते तशी तिने ती लाल कापडात बांधली.

तासाभराने बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे म्हातारे साइतो-सान उभे होते. नाक थंडीने लाल, हातात गाठोडं.

"हे कापड तुमच्या गॅलरीत वाळताना पाहिलंय. खाली विसरलात वाटतं," ते जपानीत म्हणाले. "गाडी जाईपर्यंत मी तिथेच थांबलो. म्हटलं, चुकून उचलतील."

टाकलंय, हे तिच्या तोंडून निघेना. "हो. विसरलेच."

"वाटलंच मला. कापडात इतकं नीट बांधलेलं कोणी टाकत नाही." मग जरा संकोचून, "काय आहे यात?"

अकरा वर्षांत या इमारतीत तिला कोणी काहीच विचारलं नव्हतं.

"माणसं आहेत," ती म्हणाली. "औषध देणारी, विणणारी, ओझी वाहणारी. दोन हजारांवर असतील."

"अरेच्चा. मग सांभाळून न्या." त्यांनी दोन्ही हातांनी गाठोडं पुढे केलं आणि कमरेत वाकले. तिला की गाठोड्याला, ते तिला कळलं नाही.

दार लागल्यावर तिने बॅग उघडली. कुकर काढला, कोट काढला, गाठोडं ठेवलं. तरी काटा चोवीसच्या खाली येईना. तेव्हा तिने प्रसन्नचे बूट काढले आणि इथल्या रीतीप्रमाणे दाराशी ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला करून.

त्या जागी आजवर तिच्याखेरीज कोणाची पादत्राणं नव्हती. आता घरात कोणीतरी आलंय असं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत तिने ते हलवले नाहीत.